वाटखर्च

पैलवानाचा खुराक घरानं बघायचा आणि वाटखर्च गावानं, ही आमच्या कृष्णाकाठची जुनी वाटणी. घरात म्हैस असायची, जोंधळा असायचा, आई पोटाला चिमटा घेऊन पोराच्या ताटात तूप वाढायची. पण पोरगं तालुक्याबाहेर खेळायला निघालं की घरचं बळ तिथंच संपायचं. शेतकऱ्याच्या घरात धान्य असतं, दूध असतं, रोख नसते. एसटीचा कंडक्टर जोंधळा घेत नाही. म्हणून आमच्या खेळांचा इतिहास लिहायचा तर तो नुसता आखाड्यातला लिहून भागत नाही. पोरं तिथवर पोचली कुणाच्या पैशावर, हेही लिहावं लागतं.

आधी राजाश्रय होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात पैलवान सांभाळले, तालमींना हात दिला. १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. लांबच्या पैलवानांना तिथं राहायला जागा, खुराक आणि कुस्ती मिळायची. राजाच्या मर्जीवर चालणारी ही व्यवस्था, पण ती चालत होती.

त्याच काळात पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती व्हायच्या. दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना त्यांनी पाहिली आणि ही पोरं ऑलिंपिकला न्यायची असं मनावर घेतलं. १९२० साली अँटवर्पला जी मोजकी माणसं गेली, त्यांच्यासाठी टाटांनी स्वतःचा खिसाही मोकळा केला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. बेळगावकडचा माणूस बेल्जियमच्या रस्त्यावर धावला. पाय त्याचे होते, पण तिथवर जायला बोटीचं भाडं कुणीतरी भरावं लागलंच.

मग आमचे खाशाबा. कराडजवळचं गोळेश्वर हे त्यांचं गाव, जन्म १५ जानेवारी १९२६ चा. १९४८ साली ते लंडनला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. तिथं ते सहावे आले. पुढं १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. झालं ते योग्यच झालं, पण त्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. राजा गेला आणि त्याच्या जागी खेळाडूच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे अजून ठरायचं होतं. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली ती नेमकी या मधल्या काळात. सरकारकडं मदत मागितली, ती पुरेशी मिळाली नाही. खाशाबा गावात दारोदार फिरले. लोकांनी जमेल ते दिलं. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपल्या विद्यार्थ्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी सात हजार म्हणजे काय, हे जुन्या माणसांना विचारावं.

खाशाबांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं. खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनापासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गाड्या एकशे एक्कावन्न होत्या असं सांगतात. ही मिरवणूक सगळ्यांना पाठ आहे. मला त्याच्या पुढची गोष्ट मोठी वाटते. गुलाल धुऊन झाल्यावर त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यात स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकर सरांचं घर सोडवलं. पदक घरी आल्यावरसुद्धा आपल्यावर कर्ज आहे, हे ते विसरले नाहीत.

अजून एक गोष्ट आमच्या भागातली जाणती माणसं सांगायची. हेलसिंकीत एक अवघड कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच दुसरीला उभं केलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विसावा द्यायचा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला त्या वेळी त्यांच्या बाजूला आपला कुणी अधिकारी नव्हता. थकल्या अंगानं ते उतरले आणि हरले. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली तेव्हा नुसतं वाईट वाटलं. तिचा अर्थ कळला तो पुढं, वाटखर्चाचा हिशेब स्वतः लिहायला बसलो तेव्हा.

१९७८ साली आमच्या गावच्या कबड्डी संघाला मुंबईच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. दसरा तोंडावर होता आणि स्पर्धा डिसेंबरात. गावातले एक निवृत्त गुरुजी पुढं झाले. मी नुकताच दहावी होऊन शेतीला लागलो होतो, अक्षर बरं होतं, म्हणून त्यांनी शंभर पानी वही माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर त्यांनी खर्च लिहायला लावला. खेळणारे सात, बदली पाच, झाले बारा. मी बेरीज करायला गेलो तर म्हणाले, "थांब. तेरावा माणूस लिही. पोरांबरोबर जाणता माणूस पाहिजे. पंचाशी कोण बोलणार? कुणाचा पाय मोडला तर दवाखान्यात कोण नेणार?" जाण्या-येण्याचं भाडं, वाटेतला चहा-भाकरीचा खर्च, चिकटपट्ट्या, मलम, सगळं धरून आकडा साडेआठशेच्या पुढं गेला. त्या वेळी आमच्याकडं गड्याची मजुरी दिवसाला चार रुपये होती.

रोख फार थोड्यांनी दिली. बाकी गाव आपल्या रीतीनं दिलं. गुऱ्हाळवाल्यानं गुळाची ढेप दिली. पिठाच्या गिरणीवाल्यानं एका दिवसाच्या दळणाचे पैसे दिले. डेअरीत एका संध्याकाळचं दूध बऱ्याच जणांनी संघाच्या नावावर घातलं. एका म्हातारीनं पायलीभर हुलगे आणून ओतले. गुरुजींनी मला तसंच लिहायला सांगितलं, "हुलगे, एक पायली." पैशाच्या खाली धान्याचं नाव लिहायला मला कसंतरी वाटत होतं. ते म्हणाले, "तिनं जे दिलं तेच लिही. किंमत आपण लावायची नाही." मग मारुतीच्या देवळासमोर सगळ्या जिनसांचा सवाल घातला. एक कोंबडा तर तीनदा विकला. घेणारा पैसे मोजायचा आणि कोंबडा परत देवळाच्या पायरीवर ठेवायचा. चौथ्याला मात्र तो घरी न्यावा लागला, कारण कोंबडाच वैतागून ओरडायला लागला होता.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर एक अडचण उभी राहिली. संघातला सगळ्यात चपळ चढाईपटू बौद्धवाड्यातला होता. गावातल्या एका बड्या शेतकऱ्यानं एकशे एक रुपये दिले होते. वहीतली ती सगळ्यात मोठी रक्कम. चार दिवसांनी तो गुरुजींच्या ओसरीवर आला. म्हणाला, "मुंबईला आपल्या लोकांच्या खोलीत उतरणार, एका पंगतीला बसणार. त्या पोराला न्यायचं असंल तर माझं पैसं धरू नका." ओसरीवर आम्ही सात-आठ जण होतो. कुणी बोललं नाही. गुरुजी आत गेले, डब्यातून एकशे एक रुपये मोजून आणले आणि त्याच्या हातात ठेवले. "पैसं न्या अण्णा. पोरगं जाणार." मला म्हणाले, "वहीत लिही. रुपये एकशे एक, परत." मी लिहिलं. कारण लिहिलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही.

खोट एकशे एक रुपयांची नव्हती. त्याचं बघून आणखी तिघांनी हात आखडते घेतले. दोनशेच्या आसपास कमी पडायला लागले. कुणीतरी सुचवलं, एक बदली खेळाडू कमी करू. दुसरा म्हणाला, तेरावा माणूस कशाला, पोरं काय लहान आहेत? गुरुजी दोन्हीला नाही म्हणाले. तेव्हा पोरांनी आपणच मार्ग काढला. भुईमुगाची काढणी सुरू होती. शेंगा तोडायला गेलं की तोडलेल्या शेंगांतला ठरलेला वाटा मजुरीत मिळायचा. बारा जण पहाटे सराव करून दिवसभर शेंगा तोडायला जायला लागले. बायका हसायच्या, कारण या कामात बायकांचा हात चालतो, पोरांचा नाही. दोन दिवसांनी त्याच बायकांनी त्यांना बसायचं कसं, वेल धरायचा कसा, ते शिकवलं. बौद्धवाड्यातल्या बायाही त्याच वाफ्यात होत्या. दहा-बारा दिवसांत पोती भरली, कराडच्या बाजारात गेली, आणि वहीतली बेरीज जुळली.

मुंबईत आमच्याकडची शेकड्यांनी माणसं गिरण्यांत होती. लालबाग-परळात गावागावाच्या खोल्या असायच्या. एका खोलीत पाळीपाळीनं पंधरा-वीस माणसं राहायची, जेवण खानावळीत. आमच्या गावचीही खोली होती. पोरं येणार म्हणून रात्रपाळीवाल्यांनी आपल्या झोपायच्या जागा सोडल्या. ज्या पंगतीची गावात इतकी काळजी होती, तिथं काय झालं ते सोबत गेलेल्या जाणत्या माणसानं नंतर सांगितलं. खोलीतला सगळ्यात वडीलधारा गडी उठला, त्यानं बारा ताटं एका ओळीत मांडली आणि म्हणाला, "बसा, सायरन व्हायच्या आत उरकायचंय." बस्स, एवढंच. गिरणीत सगळे एकाच साच्यावर घाम गाळत होते, त्यांना आमची गावातली काळजी परवडणारी नव्हती.

संघ दोन सामने जिंकला आणि तिसरा हरला. दुसऱ्या सामन्यात पंचानं आमच्या चढाईपटूचा एक गुण नाकारला होता, तेव्हा तेरावा माणूस उठून नियम बोलला आणि गुण मिळाला. तो सामना आम्ही एका गुणानं जिंकलो. तेव्हा मला हेलसिंकीची गोष्ट आठवली. तिकीट खेळणाऱ्याचं काढलं की झालं, असं सगळ्यांना वाटतं. पण परक्या मुलखात आपल्या पोराच्या बाजूनं तोंड उघडणारा माणूस हाही वाटखर्चच आहे, आणि पैसे कमी पडले की पहिल्यांदा कापला जातो तो तोच.

परत आल्यावर पुढच्या शनिवारी देवळात हिशेब वाचला. मी वाचत होतो, गाव ऐकत होतं. हुलग्याची पायली वाचली तेव्हा म्हातारी पुढं सरकून बसली. "रुपये एकशे एक, परत" हेही वाचलं. तो गृहस्थ तिथंच खांबाला टेकून बसला होता, कुणी त्याच्याकडं मान वळवून बघितलं नाही. चौदा रुपये चाळीस पैसे उरले होते, ते एका खेळाडूच्या गुडघ्याच्या औषधाला द्यायचे ठरले. पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी निघाली, तेव्हा त्या गृहस्थानं पंचवीस रुपये दिले. अट घातली नाही. तो चढाईपटू त्याही वर्षी संघात होता.

मग जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. कित्येक जण जे गावाकडं आले ते पुन्हा गेलेच नाहीत. खोल्या रिकाम्या झाल्या. आमच्या पोरांचा मुंबईतला मुक्काम तिथं संपला. त्यानंतर साखर कारखाने, पतसंस्था, पुढारी यांच्या देणग्यांचे दिवस आले. पैसा वाढला हे खरं. पण आता देणारा एक असतो, त्याचा फोटो असतो, आणि हिशेब विचारायचा कुणाला हक्कच वाटत नाही. टी-शर्टवर फोटो छापून द्यायला दहा जण पुढं येतात. तिकिटाला पैसे मागितले की म्हणतात, बघू.

गेल्या हिवाळ्यात गावच्या शाळेतल्या मुलींचा कबड्डी संघ विभागाला निवडला गेला. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं भाड्याचा बोजा हलका झाला होता. टी-शर्टही मिळाले. तरी सहा मुलींच्या घरून नकार आला. सोबत बाईमाणूस नाही तर पोरगी धाडणार नाही. आयांचं चुकत नव्हतं. देणगीदाराच्या यादीत बारा मुली आणि एक शिक्षक एवढंच होतं. सोबतीच्या बाईचा रोज, तिचं जेवण, मुक्काम यासाठी खर्चाचा रकानाच नव्हता.

शेवटी बचत गटाच्या बायका बसल्या. त्यांनी आपल्यातली एक बाई ठरवली, जी पूर्वी शाळेत खो-खो खेळलेली. तिचा चार दिवसांचा बुडणारा रोज गटानं भरून द्यायचा ठरला. मला जुनी वही घेऊन बोलावलं होतं, कशी लिहायची ते दाखवायला. वहीचा कागद पिवळा पडलाय, पण अक्षर वाचता येतं. अध्यक्ष बाईंनी पहिलं पान बघितलं आणि नवी वही उघडली. बारा मुलींची नावं सांगायच्या आधी म्हणाल्या, "काका, वरती पयलं तिचं नाव घ्या. मग पोरींची."

मी तसंच लिहिलं. संघ गेला, सगळ्या मुली गेल्या. हिशेब देवळात न वाचता शाळेच्या पटांगणात वाचला, कारण बायकांना तिथं बसायला मोकळं वाटतं. तीनशे वीस रुपये उरलेत. ते पुढच्या वाटखर्चासाठी गटाच्या खात्यावर ठेवलेत.