रणगाडा कोठे तयार होतो?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात, वेरूळला जातात, शिर्डीला जातात. शिर्डीहून दक्षिणेकडे तशाच पुढे गेलेल्या काही सहली अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) पोचतात आणि तेथील रणगाडा संग्रहालय पाहतात. लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे. त्या केंद्राने फेब्रुवारी १९९४ मध्ये हे संग्रहालय उभे केले. झाडांच्या सावलीत, मोकळ्या जागेत, देशोदेशींचे रणगाडे आणि चिलखती गाड्या ओळीने मांडलेल्या आहेत. बहुतेक दुसऱ्या महायुद्धातील आहेत, काही त्यानंतरच्या.

मुले येथे रमतात यात नवल नाही. तोफेची नळी केवढी, वजन किती टन, वेग किती, कोणत्या लढाईत होता, हे प्रश्न ती आपणहून विचारतात. आम्ही मात्र शिक्षकांना एक वेगळा प्रश्न सुचवू इच्छितो. हा रणगाडा बनवला कोणी? शोध कोणी लावला, असे आम्हाला विचारायचे नाही. तो कोणत्या कारखान्यात, कोणत्या कामगारांनी, कशापासून बनवला? या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्या रणगाड्याच्या अंगावरच लिहिलेले असते. ते वाचायला शिकले, की लढायांच्या इतिहासाइतकाच रंजक असा कारखान्यांचा इतिहास समोर येतो. आणि तो आपल्या खानदेशातून जाणाऱ्या रेल्वेपर्यंत येऊन भिडतो.

रिव्हेट, वेल्डिंग आणि ओतकाम

संग्रहालयातील ‘व्हॅलेंटाईन’ या ब्रिटिश रणगाड्याजवळ उभे राहावे. त्याच्या अंगावर गोल टोप्यांच्या रांगा दिसतात. ही रिव्हेटची डोकी. रेल्वेच्या जुन्या गर्डर पुलांवर अशीच डोकी आपण पाहिलेली असतात. रिव्हेट लालभडक तापवून दोन पत्र्यांच्या छिद्रांतून घालतात आणि पलीकडचे टोक ठोकून त्याचे डोके करतात. थंड होताना ती आकसते आणि दोन्ही पत्रे घट्ट आवळले जातात. हे काम जाणणारे कामगार प्रत्येक रेल्वे कारखान्यात आणि गोदीत असत.

पण पुलावर तोफगोळे आदळत नाहीत. रणगाड्यावर गोळा आदळला, की चिलखत फुटले नाही तरी रिव्हेट तुटते आणि तिचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा आत उडतो. चिलखत शाबूत, पण आतला माणूस ठार, असे प्रसंग घडले. म्हणून युद्धाच्या काळात बहुतेक देश वेल्डिंगकडे वळले.

मग आधीपासूनच वेल्डिंग का केले नाही? कारण चिलखताचे पोलाद साध्या पोलादासारखे वेल्ड होत नाही. लोहार विळ्याला पाणी देतो, म्हणजे लाल झालेले पाते एकदम पाण्यात बुडवतो; त्यामुळे धार कठीण होते, पण फार कठीण झाली तर पाते काचेसारखे तुटते. वेल्डिंग करताना नेमके हेच नको तिथे घडते. सांध्यालगतची पट्टी क्षणात तापते आणि भोवतीच्या थंड पोलादामुळे झपाट्याने निवते. कार्बन आणि मिश्रधातू जास्त असलेले पोलाद अशा वेळी ठिसूळ होते आणि त्याला सांध्याच्या कडेने चीर जाते. यावर उपाय शोधण्यात धातुशास्त्रज्ञांची काही वर्षे गेली. पत्रे आधी तापवून घेणे, क्रोमियम आणि निकेलयुक्त वेल्डिंगच्या कांड्या वापरणे, हवेतील ओलावा दूर ठेवणे, हे उपाय त्यातून आले.

तिसरी पद्धत ओतकामाची. ब्रिटिश ‘माटिल्डा’चा फिरता बुरूज पाहा. त्याला सांधे नाहीत, कडा गोलाकार आहेत. तो साच्यात ओतलेला आहे. ओतीव बुरुजाला हवा तो आकार देता येतो आणि गोळा घसरून जाण्याची शक्यता वाढते. मात्र त्यासाठी मोठी भट्टी, मोठे साचे आणि ते हाताळणारे अनुभवी कारागीर लागतात. माटिल्डाचे ओतीव भाग गरजेपेक्षा जाड निघत आणि वजन कमी करण्यासाठी ते घासून काढावे लागत. त्यात वेळ फार जाई. सुमारे तीन हजार माटिल्डा तयार झाले आणि तो मागे पडला.

आगगाडीवाल्यांचे काम

आता माटिल्डा बनवणाऱ्या कंपनीचे नाव पाहू: व्हल्कन फाउंड्री. इंग्लंडमधील न्यूटन-ले-विलोज या गावातील हा रेल्वे इंजिनांचा कारखाना. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली प्रवासी गाडी धावली, तिची इंजिने याच कारखान्याने बनवून पाठवली होती. पुढे १८६० च्या दशकात त्याच जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा खानदेशातून गेला. ज्या कारखान्याची इंजिने भारतात सर्वांत आधी धावली, त्यानेच ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी रणगाडे घडवले.

हा योगायोग नाही. माटिल्डाचे काम नंतर ज्यांना वाटून दिले, त्यांत ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी होती, एका ब्रिटिश रेल्वेचा हॉर्विच येथील कारखाना होता, वाफेवर चालणारी नांगरणीची यंत्रे बनवणारी लीड्सची जॉन फाउलर कंपनी होती. माटिल्डाच्या पोटात बसगाड्यांची दोन डिझेल इंजिने बसवलेली होती. व्हॅलेंटाईन रेल्वेचे डबे बनवणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांनी तर बनवलेच, शिवाय कॅनडियन पॅसिफिक रेल्वेच्या माँट्रियल येथील कारखान्यानेही १४०० हून अधिक बनवले. शेजारी उभा असलेला अवजड ‘चर्चिल’ व्हॉक्सहॉल या मोटार कंपनीचा.

सोव्हिएत रशियात हेच दिसते. प्रसिद्ध टी-३४ रणगाडा खारकोव्हच्या रेल्वे इंजिन कारखान्यात जन्मला. १९४१ मध्ये जर्मन सैन्य जवळ येताच हा कारखाना यंत्रांसह आणि माणसांसह उरल पर्वतापलीकडे निझनी तागिल येथे हलवला गेला आणि तेथील रेल्वे डब्यांच्या कारखान्यात त्याने बस्तान बसवले. त्या वर्षी असे सुमारे पंधराशे कारखाने पूर्वेकडे गेले. कुशल वेल्डर आघाडीवर गेलेले. तेव्हा येव्गेनी पॅटन यांनी आपोआप चालणारी वेल्डिंगची पद्धत तेथे बसवली. तिच्यात ठिणगी दाणेदार भुकटीच्या थराखाली झाकलेली असते, म्हणून हवेचा संपर्क टळतो आणि सांधा एकसारखा येतो. थोड्या दिवसांच्या शिक्षणावर स्त्रिया आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले हे यंत्र चालवू लागली. थंडी, उपासमार आणि लांबलचक पाळ्या यांत हे काम झाले, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

अमेरिकेत १९४० साली सरकारने क्रायस्लर या मोटार कंपनीला रणगाडे बनवायला सांगितले. डेट्रॉइटजवळच्या शेतजमिनीवर कारखाना उभा राहिला आणि एप्रिल १९४१ मध्ये पहिला रणगाडा बाहेर पडला. युद्ध संपेपर्यंत त्या एका कारखान्यातून बावीस हजारांहून अधिक निघाले. अडचण इंजिनाची होती. रणगाड्यासाठी खास इंजिन तयार नव्हते, म्हणून आधी विमानाचे इंजिन बसवले. ते पुरेनात, तेव्हा क्रायस्लरने आपल्या मोटारींची पाच इंजिने एकत्र जोडून तीस सिलिंडरांचे एक इंजिन केले. ते बोजड होते, पण चालले, कारण त्याचे भाग रोज हजारांनी तयार होत होते. संग्रहालयातला छोटा ‘स्टुअर्ट’ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या अमेरिकन कार अँड फाउंड्री कंपनीचा आहे. १९४४ साली इंफाळच्या लढाईत भारतीय घोडदळाची ७ वी लाइट कॅव्हलरी रेजिमेंट असेच स्टुअर्ट वापरत होती.

जपानी ‘हा-गो’ रणगाड्याशी स्टुअर्टची तुलना मुद्दाम करावी. हा-गोचे चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, बरेचसे रिव्हेटने जोडलेले. जपानी अभियंते कमी हुशार नव्हते. पण पोलाद मोजके होते आणि ते आधी जहाजांना लागत होते.

आणि भारत?

१९४१ पासून भारतातही चिलखती गाड्या तयार होऊ लागल्या. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्याने गोळी न भेदणारे पोलाद तयार केले. कॅनडातील फोर्ड कंपनीच्या चाकांसह-इंजिनासह आलेल्या सांगाड्यांवर हे चिलखत चढवले जाई. हे काम रेल्वेच्या कारखान्यांत झाले. अशा साडेचार हजारांहून अधिक गाड्या बनल्या आणि सैनिकांनी त्यांना ‘टाटानगर’ असे नाव दिले. उत्तर आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश अशा आघाड्यांवर त्या गेल्या.

म्हणजे पोलाद आपले, जोडकाम आपले. इंजिन, गिअरबॉक्स आणि सांगाडा मात्र बाहेरचा. पूर्ण रणगाडा भारतात त्या काळी बनला नाही. का बनला नाही याचे उत्तर वरच्या यादीतच आहे. रणगाडे त्या देशांनी बनवले, ज्यांच्याकडे रेल्वे इंजिने आणि मोटारी बनवणारे कारखाने आधीपासून होते. भारतात रेल्वे मोठी होती, पण तिची इंजिने हजारोंनी विलायतेहून येत. अजमेरला १८९५ मध्ये आणि जमालपूरला १८९९ मध्ये इंजिन बनवून आपल्या कारागिरांनी क्षमता सिद्ध केली होती. तरी मोठा धंदा ब्रिटिश कंपन्यांकडेच राहिला. १९२१ साली जमशेदपूरला पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह ही कंपनी निघाली. मागणीच न मिळाल्याने ती थोड्याच वर्षांत सरकारकडे गेली. भुसावळसारख्या ठिकाणच्या शेडमध्ये इंजिने उत्तम दुरुस्त होत. ज्या देशाला शंभर वर्षे दुरुस्तीच करू दिली, त्याला युद्धाच्या घाईत इंजिन घडवता येणार कसे?

दुरुस्तीचे कौशल्य मात्र वाया गेले नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानच्या ‘पॅटन’ रणगाड्यांपुढे आपल्या सेंच्युरियनबरोबर डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शर्मन रणगाडेही उभे होते. शर्मन हा दुसऱ्या महायुद्धातला, वीस वर्षांपूर्वीचा. सुटे भाग मिळवत, जोडत आपल्या कारखान्यांनी आणि जवानांनी तो चालता ठेवला होता. त्या युद्धात पकडलेला पॅटनही संग्रहालयात आहे.

स्वातंत्र्यानंतर क्रम उलटा लागला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आधी १९५० साली चित्तरंजनला रेल्वे इंजिने बनू लागली. मग मद्रासजवळ आवडी येथे रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि १९६५ च्या अखेरीस तेथून पहिला ‘विजयंता’ बाहेर पडला. आराखडा ब्रिटिश विकर्स कंपनीचा आणि इंजिन लेलँडच्या आराखड्याचे. पुढे ‘अर्जुन’चा आराखडा आपण केला, त्याचे इंजिन मात्र जर्मन राहिले. इंजिन घडवण्याचा अनुभव मागाहून भरून काढणे किती अवघड असते, ते यावरून दिसते.

खानदेशातही या साखळीचे दुवे आहेत. भुसावळचा आयुध निर्माणी कारखाना १९४९ चा. जेरीकॅन, पिंपे, दारूगोळ्याच्या पेट्या ही त्याची जुनी कामे. इंधनाचा वीस लिटरचा जेरीकॅन मूळ जर्मन सैन्याचा. इतरांनी त्याची नक्कल केली, कारण दोन दाबीव पत्रे जोडून होणारा हा डबा गळत नसे. इंधन पोचले नाही तर पन्नास टनांचा रणगाडाही जागचा हलत नाही. वरणगावचा कारखाना १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६४ मध्ये निघाला. तेथे बंदुकीची काडतुसे बनतात.

वर्गासाठी

सहलीला जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांचे गट करावेत. एका गटाने सांधे पाहावेत: रिव्हेट, वेल्डिंग की ओतीव? दुसऱ्याने फलकावरून देश आणि वर्ष टिपावे. दोन्ही नोंदी काळाच्या क्रमाने मांडल्या, की रिव्हेट कशा मागे पडल्या ते आपोआप दिसेल.

नववी-दहावीला त्रिकोणमिती असतेच. शर्मनच्या एका प्रकारात पुढचा पत्रा ५१ मिलिमीटर जाड होता आणि उभ्या रेषेपासून ५६ अंश तिरका. आडव्या येणाऱ्या गोळ्याला किती पोलाद कापावे लागेल? ५१ ला कोसाइन ५६ अंशाने, म्हणजे सुमारे ०.५६ ने, भागावे. उत्तर ९१ च्या आसपास येते. एक ग्रॅमही न वाढवता हे झाले का? नाही. तेवढीच उंची झाकायला तिरका पत्रा लांब लागतो. हे मुलांना स्वतः काढू द्यावे. फायदा नेमका कशात, यावर चांगली चर्चा होते.

आणि परतल्यावर एक फेरी आपल्याच गावात करावी. औद्योगिक वसाहतीतील ओतशाळा, ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणारे वेल्डिंगचे दुकान, आयटीआयची कार्यशाळा, भुसावळची रेल्वे शेड, जिथे परवानगी मिळेल तिथे जावे. तेथील कारागिराला विचारावे, सांधा कोठे तुटतो आणि का. संग्रहालयातील पोलादाला जो प्रश्न विचारला, तोच हा प्रश्न आहे. फरक एवढाच, की येथे उत्तर देणारा माणूस समोर उभा असतो.