कोनस कार्लोटे : यूव्ही लाइटमध्ये सापडलेली विषारी गोगलगाय

मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'कलर इन्व्हर्जन' नावाचा पर्याय असतो. तो ऑन केला की पांढरं काळं दिसतं आणि काळं पांढरं. याच युक्तीने एका नामशेष गोगलगायीची नक्षी परत मिळाली. कशी, ते सांगतो.

कोनस कार्लोटे ही समुद्रातली 'कोन स्नेल'. शंख अगदी आइस्क्रीमच्या कोनसारखा. या कुळातल्या आजच्या गोगलगायी पोकळ, टोकदार दात भाल्यासारखा मारून भक्ष्याला विष टोचतात. कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने माणसंही मेली आहेत. कार्लोटेचं विष अर्थातच दगडात टिकलेलं नाही. ती विषारी होती हे आपण तिच्या भाऊबंदांवरून म्हणतो.

डोमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर भागातल्या सिबाओ खोऱ्यात असे ६६ ते ४८ लाख वर्षांपूर्वीचे शंख सापडतात. अडचण अशी की साध्या उजेडात ते जवळजवळ पांढरेच दिसतात. कोन स्नेलच्या जाती ओळखताना नक्षी फार महत्त्वाची, कारण आकार बऱ्याच जणींचा सारखाच असतो. नक्षी गेली म्हणजे ओळखही जवळपास गेलीच.

संशोधक जोनाथन हेंड्रिक्स यांनी हे शंख यूव्ही लाइटखाली धरले. नोटा तपासायच्या मशीनमध्ये असतो ना जांभळा दिवा, तसाच प्रकार. शंखावर जिथे पूर्वी रंग होता, तो भाग या प्रकाशात चमकतो. म्हणजे फोटो उलटा येतो, मूळचे गडद ठिपके उजळ दिसतात. मग कॉम्प्युटरवर फोटो इन्व्हर्ट करायचा, की झाली नक्षी सरळ! मूळ रंग लाल होता की तपकिरी, हे मात्र यातून कळत नाही.

२०१५ मध्ये त्यांनी अशा २८ जातींची नक्षी प्रसिद्ध केली. त्यातल्या १३ जाती विज्ञानाला नवीन होत्या. कार्लोटे त्यांपैकीच एक, आणि मला सगळ्यात आवडलेली. तिच्या अंगभर मोठमोठे गोल ठिपके आहेत, पोल्का डॉटच्या ड्रेससारखे. आजच्या जिवंत कोन स्नेलमध्ये ही नक्षी दिसत नाही.

आता लगेच प्ले स्टोअरवरून 'यूव्ही लाइट' अ‍ॅप उतरवू नका. ती अ‍ॅप्स स्क्रीन नुसती जांभळी करतात, फोनच्या स्क्रीनमधून खरा यूव्ही प्रकाश निघत नाही. त्यासाठी वेगळा यूव्ही टॉर्च लागतो, आणि तो डोळ्यांवर मारायचा नाही.