‘खुकरी’वरचे खलाशी

आपल्या हिंगोलीला पलटण काही नवी नाही. निजामाच्या काँटिंजंट फौजेची छावणी १९०३ पर्यंत इथेच होती. पण आरमार? कयाधूकाठच्या माणसाला समुद्रावरच्या लढाईची कल्पना यावी तरी कशी? रणात पडलेल्या शिपायाची जागा दाखवता येते. बुडालेल्या खलाशाची ती सोयही नाही. म्हणून त्याची हकिगत सांगत राहिली पाहिजे.

१९७१ च्या ४ डिसेंबरला आपल्या नौदलाने कराचीवर क्षेपणास्त्रांचा हल्ला केला, तो दिवस आपण ‘नौदल दिन’ म्हणून पाळतो. त्यानंतर पाचच दिवसांनी जे घडले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. ‘हंगोर’ ही पाकिस्तानी पाणबुडी सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वावरत होती. तिच्या शोधासाठी ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ ह्या फ्रिगेट ८ तारखेला मुंबईहून निघाल्या.

आता शिकारी कोण आणि सावज कोण, ते पाहा. पाण्याखालचा कानोसा घेणाऱ्या यंत्राला सोनार म्हणतात. फ्रेंच बनावटीच्या ‘हंगोर’चे सोनार लांबचे ऐकत होते, ‘खुकरी’चे तितके नाही. त्यातच सोनारमधली एक सुधारणा तपासण्यासाठी ‘खुकरी’ने वेग कमी ठेवला होता. तो निर्णय योग्य होता का, ह्यावर जाणकारांत आजही वाद आहे.

९ डिसेंबरच्या रात्री, पावणेनऊच्या सुमारास, दीवच्या नैर्ऋत्येला पाणतीर आला. पहिला ‘किरपाण’वर सुटला, तो फुटलाच नाही. दुसरा ‘खुकरी’ला लागला. जहाज काही मिनिटांत तळाला गेले. जरा विचार करा: बॉयलरपाशी काम करणारा खलाशी पाण्याच्या पातळीखाली असतो. दिवे गेलेले, जहाज कललेले, शिडी अरुंद. वर येणार कसा आणि किती जण?

‘किरपाण’वर पुन्हा पाणतीर सुटला, तिला दूर व्हावे लागले. वाचलेल्यांनी रात्र समुद्रातच काढली. दुसऱ्या दिवशी ६ अधिकारी आणि ६१ खलाशी हाती लागले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले.

कप्तान महेंद्रनाथ मुल्ला ह्यांनी इतरांना जहाज सोडायला लावले आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण कप्तानापुढे निदान निवड होती; तळघरातल्या खलाशाला तीही मिळाली नाही. त्याने फक्त आपली पाळी सोडली नव्हती. इतिहास लिहिताना आपण पहिल्या प्रकारचे शौर्य चटकन ओळखतो, दुसऱ्या प्रकारचे आकड्यात घालून मोकळे होतो.

दीवला समुद्राकाठी ‘खुकरी’चे स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची लहान प्रतिकृती ठेवलेली आहे. कधी तिकडे गेलात, तर प्रतिकृतीच्या वरच्या डेकवरच नजर थांबवू नका. पाण्याखाली राहणाऱ्या भागाकडेही घटकाभर पाहा. तिथेही माणसे होती.