चंद्रपूर-गडचिरोलीतील वन्यजीव छायाचित्रण

चंद्रपूर-गडचिरोलीतील वन्यजीव छायाचित्रण म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या या दोन वनसमृद्ध जिल्ह्यांत वन्यप्राणी, पक्षी, कीटक, वनस्पती आणि त्यांचा अधिवास यांची छायाचित्रे घेणे व ती घेण्याची विद्या आत्मसात करणे होय. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प हे या छायाचित्रणाचे प्रमुख केंद्र आहे. हौशी छायाचित्रकार हे शिक्षण बहुधा अल्पकालीन कार्यशाळांतून घेतात. वर्गातील पूर्वतयारी, जंगलातील प्रत्यक्ष सराव आणि संगणकावरील डिजिटल संपादन असे त्याचे तीन टप्पे असतात. या प्रदेशात माणूस आणि वाघ एकाच भूमीवर वावरतात. त्यामुळे प्राण्यापासून राखावयाचे अंतर आणि चित्राचा खरेपणा हे दोन विषय येथे तंत्राइतकेच महत्त्वाचे ठरतात.

पार्श्वभूमी

भारतीय जंगलात बंदुकीच्या जागी कॅमेरा आणणाऱ्यांमध्ये ब्रिटिश वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. प्राण्याचा पाय तारेला लागताच आपोआप छायाचित्र निघेल अशी योजना करून त्यांनी रात्रीच्या वेळी वाघांची छायाचित्रे मिळवली. १९२७ मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. आजच्या स्वयंचलित कॅमेरा सापळ्यांचे मूळ याच कल्पनेत आहे.

ताडोबा परिसरात १९३५ मध्ये शिकारीवर बंदी आली. १९५५ मध्ये ११६.५५ चौ.किमी. क्षेत्राचे ताडोबा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. १९८६ मध्ये त्यालगत अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. प्रकल्पाचे गाभाक्षेत्र सुमारे ६२५ चौ.किमी., तर भोवतालचे बफर क्षेत्र सुमारे १,१०० चौ.किमी. आहे. बफर क्षेत्रात गावे, शेती आणि गुरचरण आहे.

जंगलातील गोष्टींना मराठी नावे देण्याचे मोठे काम वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी केले. बगळ्यांच्या वसाहतीसाठी ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’ हे शब्द त्यांनी रूढ केले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. छायाचित्राखालील ओळ नेमक्या मराठीत लिहू पाहणाऱ्यास त्यांची शब्दसंपदा आजही उपयोगी पडते.

छायाचित्रणाचे क्षेत्र

चंद्रपूर जिल्हा

ताडोबाचे जंगल शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, बांबू, ऐन, मोह, तेंदू, बीजा, धावडा, अर्जुन ही येथील प्रमुख झाडे होत. वाघाखेरीज बिबट, अस्वल, रानगवा, रानकुत्रे, सांबर, चितळ, नीलगाय, चौसिंगा आणि भेकर हे प्राणी आढळतात. ताडोबा तलावात मगरी आहेत. सर्पगरुड, नवरंग, स्वर्गीय नर्तक हे पक्षी छायाचित्रकारांच्या विशेष आवडीचे आहेत. मोहर्ली, कोलारा, नवेगाव आदी प्रवेशद्वारांतून गाभाक्षेत्रात जाता येते. आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफर क्षेत्रातील प्रवेशद्वारे आहेत. पर्यटनासाठी मंगळवारी प्रवेश बंद असतो आणि पावसाळ्यात गाभाक्षेत्रातील सफारी थांबवली जाते. याच जिल्ह्यात घोडाझरी आणि कन्हाळगाव ही अभयारण्येही आहेत.

गडचिरोली जिल्हा

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. येथे ताडोबासारखी सफारीची व्यवस्था नाही. त्यामुळे वाटेवर वाघ दिसण्याच्या अपेक्षेने येणाऱ्याची निराशा होते; परंतु थांबून पाहणाऱ्यास विषय अपुरे पडत नाहीत. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमाजवळील चपराळा अभयारण्य, पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती यांच्या संगमावरील भामरागड, रानम्हशींसाठी २०१३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालेले कोलामार्का, कमलापूर येथील शासकीय हत्ती कॅम्प आणि २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळालेले आलापल्लीचे जुने सागवन ही त्यांपैकी काही स्थळे होत. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी येथील दक्षिणेकडील जंगलात आढळतो. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून आलेल्या रानहत्तींच्या कळपानंतर जिल्ह्याच्या वन्यजीवनात आणखी एका प्राण्याची भर पडली.

या भागात माडिया व गोंड समाजाची वस्ती आहे. घोटुल, देवस्थाने, सण किंवा माणसे यांची छायाचित्रे घेण्यापूर्वी गावातील जाणत्यांची अनुमती घेणे आवश्यक मानले जाते.

कार्यशाळांचे स्वरूप

निसर्ग छायाचित्रणाची कार्यशाळा साधारणतः दोन ते चार दिवसांची असते. पहिल्या सत्रात ॲपर्चर, शटर गती आणि आयएसओ यांचा परस्परसंबंध शिकवला जातो. अनुभवी मार्गदर्शक मात्र आरंभ प्राण्याच्या वर्तनापासून करतात. चितळाचा इशारा कोणता, वानराचा कोणता, सांबराने हाक दिली तर ती किती भरवशाची, तहानलेले जनावर पाणवठ्यावर कोणत्या बाजूने उतरते, हे ज्याला कळते त्याचा कॅमेरा योग्य दिशेला आधीच रोखलेला असतो. हे ज्ञान स्थानिक वाटाड्यांकडे विपुल आहे. ताडोबात परिसरातील गावांमधील पुरुषांबरोबर स्त्रियाही वाटाड्याचे काम करतात.

जंगलातील सत्रे पहाटे व दुपारनंतर होतात. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तिरपा प्रकाश प्राण्याच्या अंगाचा पोत स्पष्ट करतो. मधल्या वेळेत काढलेल्या चित्रांची चर्चा होते. शेकडो चित्रांमधून पाच-दहा निवडून त्या निवडीची कारणे सांगावयास लावणे हा कार्यशाळेतील सर्वांत उपयुक्त स्वाध्याय समजला जातो.

ऋतूनुसार विषय बदलतात. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर मोठे प्राणी दिसतात. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग बफर क्षेत्रातील मचाणांवरून ‘निसर्गानुभव’ हा उपक्रम घेतो. चांदण्याच्या मंद उजेडात छायाचित्रे फारशी मिळत नाहीत. पण रात्रभर हालचाल न करता बसण्याची सवय तेथे लागते. पावसाळ्यात कीटक, अळंब्या, बेडूक, फुलपाखरे यांचे सूक्ष्म छायाचित्रण गावाजवळच्या झुडपांतही करता येते आणि त्यासाठी सफारीचा खर्च करावा लागत नाही. शालेय विद्यार्थ्यांसाठी हा मार्ग अधिक सोयीचा आहे.

तंत्र

उघड्या जिप्सीत तिपाई उभी करता येत नाही. त्याऐवजी तांदूळ किंवा डाळ भरलेली कापडी पिशवी वाहनाच्या कडेवर ठेवून तिच्यावर भिंग टेकवतात. इंजिन बंद असल्याशिवाय चित्र स्थिर येत नाही. हातात कॅमेरा धरताना शटर गती भिंगाच्या नाभीय अंतराच्या व्यस्तापेक्षा कमी नसावी, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ४०० मिमी. भिंगासाठी किमान १/४०० सेकंद. धावत्या चितळासाठी १/१००० आणि उडत्या पक्ष्यासाठी १/२००० सेकंद किंवा त्याहून अधिक गती लागते.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे चौकट व्यापणारा काळा रानगवा राखाडी उमटतो आणि पांढरा बगळा मळकट. गव्यासाठी प्रकाशभरपाई ऋण बाजूस, तर बगळ्यासाठी धन बाजूस न्यावी लागते.

चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसपलीकडे जातो. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरींमुळे दूरचा प्राणी उत्तम भिंगातूनही धूसर दिसतो. हा दोष संपादनाने जात नाही. अशा वेळी प्राणी जवळ येण्याची वाट पाहणे किंवा त्याच्यासह विस्तृत अधिवास दाखवणे हे दोनच पर्याय उरतात.

डिजिटल संपादन

संपादनासाठी चित्र रॉ स्वरूपात साठवणे हितावह असते. जेपेग चित्रात प्रत्येक रंगवाहिनीसाठी ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. सावलीतील तपशील वर काढताना हा फरक जाणवतो. लाइटरूम व फोटोशॉप ही सशुल्क, तर डार्कटेबल, रॉथेरपी व गिंप ही विनामूल्य साधने प्रचलित आहेत.

नेहमीचा क्रम पुढीलप्रमाणे असतो:

१. चित्रांची निवड आणि मूळ फाइलची दुसरी प्रत.
२. क्षितिज सरळ करणे व चौकट कातरणे. २४ मेगापिक्सेलचे चित्र लांबी-रुंदीत निम्मे कातरल्यास केवळ ६ मेगापिक्सेल उरतात.
३. श्वेत-संतुलन. पानगळीतील सागवनाचा तांबूस रंग किंवा पहाटेची ऊब स्वयंचलित संतुलनात फिकट होते. ती आठवणीनुसार पूर्ववत करावी लागते.
४. उजळ व गडद भागांचे नियमन, आलेखाच्या साहाय्याने.
५. रव कमी करणे आणि अखेरीस धार देणे.

संपादनाची मर्यादा हा कार्यशाळांतील वादाचा विषय असतो. निसर्गचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे सर्वसाधारण तत्त्व असे की, दृश्यात जे होते ते अधिक स्पष्ट करावे. नव्हते ते आणू नये आणि होते ते पुसू नये. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या प्रसिद्ध स्पर्धेत २००९ चे विजेते लांडग्याचे चित्र पाळीव प्राणी वापरल्याच्या निष्कर्षावरून, तर २०१७ चे एक विजेते चित्र त्यातील मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याच्या निष्कर्षावरून बाद करण्यात आले.

वाघाच्या चित्रात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. इतकेच नव्हे, तर एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टेही जुळत नाहीत. व्याघ्रगणनेत ओळख पटवण्याचा आधार हाच असतो. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा सापळे लावून ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे मिळवण्यात आली. चौकट साधण्यासाठी चित्र आरशातल्यासारखे उलटे केले, तर डावी कूस उजवी भासते आणि त्या चित्राचा ओळखीसाठी उपयोग राहत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने रव काढताना केस व पट्टे यांचे तपशील स्वतः रचण्याची शक्यता असते. म्हणून मूळ फाइल जतन करणे आणि केलेले मोठे बदल नमूद करणे इष्ट ठरते.

नियम व आचारसंहिता

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाची परवानगी देता येते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखणे, त्यास न घेरणे आणि आमिष न दाखवणे बंधनकारक आहे. ताडोबाच्या गाभाक्षेत्रात डिसेंबर २०१८ पासून पर्यटकांना भ्रमणध्वनी नेण्यास बंदी करण्यात आली. वाहनातून खाली उतरण्यास मनाई आहे.

हे नियम मोडल्याची उदाहरणे आहेत. ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण व तिचे पाच बछडे पर्यटकांच्या वाहनांमध्ये अडकल्याची चित्रफीत प्रसारित झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. वाहने पुढे सरकवण्यामागे बहुधा जवळून चित्र मिळवण्याचा हट्ट असतो. त्यामुळे अशा घटनांची जबाबदारी केवळ चालक व वाटाड्यावर टाकता येत नाही.

घरटी, गुहा, नवजात पिल्ले यांच्या चित्रांतील स्थाननोंद प्रसिद्धीपूर्वी काढून टाकावी, असे सांगितले जाते. शिकारीचा धोका काल्पनिक नाही. २०२५ च्या प्रारंभी चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा परिसरात वाघांच्या आंतरराज्य शिकारीतील एका टोळीवर कारवाई झाली. आयनॅचरलिस्टसारखी नोंदसंकेतस्थळे संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण आपोआप अस्पष्ट ठेवतात.

महत्त्व

फेब्रुवारी २०२४ मध्ये ताडोबाच्या निमढेला बफर क्षेत्रातील एक दृश्य देशभर पोहोचले. पाण्यात पडलेली प्लास्टिकची बाटली एका तरुण वाघाने तोंडात धरून नेल्याचे त्यात दिसत होते. जंगलातील कचऱ्याविषयी अनेक फलकांनी जे साधले नव्हते, ते या एका दृश्याने साधले. छायाचित्रकाराने वाघाच्या मुखातील बाटली संपादनात पुसून ‘सुंदर’ चित्र केले असते, तर त्यातील सत्यच नाहीसे झाले असते.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुले, तेंदूपाने व सरपण गोळा करण्यास किंवा गुरे राखण्यास गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडतात. शहरातील प्रदर्शनात कौतुकाने पाहिले जाणारे वाघाचे चित्र बफर क्षेत्रातील गावकऱ्यास वेगळेच काही सांगते. त्यामुळे वाघाच्या चित्रांबरोबर कुंपणे, पाऊलवाटा, जंगलाला लागून असलेली शिवारे आणि रात्रीची जागल यांचेही चित्रण व्हावे, अशी अपेक्षा व्यक्त केली जाते. त्यातून या प्रदेशाचे अधिक पूर्ण चित्र उभे राहते आणि नवशिक्याचा कॅमेराही एका वाघापुरता मर्यादित राहत नाही.

हेही पाहा

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प
चपराळा अभयारण्य
भामरागड अभयारण्य
मारुती चितमपल्ली
व्याघ्रगणना