सुप्रीम्स, द

अमेरिकेतील डिट्रॉइट शहरातील कृष्णवर्णीय गायिकांचा पॉप व सोल संगीतातील गायनवृंद (कार्यकाल १९५९–७७).

फ्लॉरेन्स बॅलर्ड, मेरी विल्सन, डायना रॉस व बेटी मॅकग्लाऊन यांनी तो ‘प्रायमेट्स’ या नावाने स्थापन केला. १९६१ मध्ये बेरी गॉर्डी यांच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण संस्थेशी (पहा : मोटाउन) करार होऊन ‘सुप्रीम्स’ हे नाव रूढ झाले. १९६२ पासून रॉस, बॅलर्ड व विल्सन हे त्रिकूट राहिले.

रॉस यांचा मुख्य स्वर, इतर दोघींची स्वरसंवादी साथ (पहा : स्वरसंवाद), टाळ्या व तंबोरीन यांचा ठळक ठेका ही वृंदाची वैशिष्ट्ये होत. हॉलंड–डोझियर–हॉलंड या गीतकार-निर्मात्यांनी गाजलेली बहुतेक गीते रचली. चॉली ॲटकिन्स यांनी नृत्यहालचाली बसवल्या; ‘स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह’ (१९६५) गाताना तळहात पुढे धरण्याची मुद्रा विशेष परिचित आहे.

‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’पासून (१९६४) सलग ५ व एकूण १२ गीते बिलबोर्डच्या मुख्य गीतसूचीत अग्रस्थानी पोहोचली. १९६७ मध्ये बॅलर्ड यांच्या जागी सिंडी बर्डसाँग आल्या आणि वृंदाच्या नावात रॉस यांचे नाव अग्रभागी आले. १९७० मध्ये रॉस स्वतंत्र गायनाकडे वळल्या. त्यांची जागा जीन टेरेल यांनी घेतली. १९७७ मध्ये वृंद विसर्जित झाला.

‘द सुप्रीम्स ए गो-गो’ (१९६६) ही बिलबोर्डच्या ध्वनिमुद्रिका-सूचीत प्रथम स्थान मिळवणारी स्त्री-गायनवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका होय. १९८८ मध्ये वृंदाचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. (पहा : पॉप संगीत, रॉस, डायना, सोल संगीत).