हिमोग्लोबिन १२.४ म्हणजे आजारी की ठीक? चाचणीची अचूकता मोजताना वय आणि लिंग मध्ये का येतात?

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यात, मुंबई-कोलकाता महामार्गावर कोहमारा हे गाव आहे. समजा, तिथे आरोग्य शिबिर भरलं आणि एका पुरुषाचं व एका बाईचं हिमोग्लोबिन १२.४ आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे पुरुषाला ॲनिमिया आहे, कारण त्याची मर्यादा १३. बाई गरोदर नसेल तर तिची मर्यादा १२, म्हणजे ती ठीक. आकडा तोच, निदान वेगळं.

डॉक्टरांना हे पाठ असतं. पण एखादी चाचणी किती अचूक आहे हे मोजायला बसलं की ही साधी गोष्ट सहज निसटते.

आरओसी कर्व्ह म्हणजे काय?

मूळ कल्पना दुसऱ्या महायुद्धातल्या रडारची. पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसताच गोंधळ, हे ओळखायचं होतं. चाचणीतही तेच. मर्यादा सैल केली तर जास्त रुग्ण सापडतात, पण निरोगी माणसंही आजारी ठरतात. प्रत्येक मर्यादेला किती खरे रुग्ण पकडले आणि किती निरोगी लोकांना उगाच आजारी ठरवलं, याचा आलेख म्हणजे आरओसी कर्व्ह. त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे एयूसी. १ आलं तर चाचणी परिपूर्ण, ०.५ आलं तर नाणेफेक.

मग गडबड कुठे होते?

समजा, हिमोग्लोबिनवरून शरीरातली लोहाची कमतरता किती ओळखता येते, हे तपासायचं आहे. ही कमतरता बायकांमध्ये जास्त आढळते. आणि निरोगी बायकांचंही हिमोग्लोबिन पुरुषांपेक्षा कमीच असतं. सगळ्यांना एकत्र करून कर्व्ह काढला तर एयूसी छान दिसेल. पण त्यातलं काही श्रेय खोटं आहे, कारण चाचणी अंशतः आजार नाही, तर बाई की पुरुष एवढंच ओळखतेय! उलटही घडतं. एखाद्या घटकाचा आजाराशी संबंध नसेल, पण चाचणीचा आकडा त्यामुळे वरखाली होत असेल, तर चांगली चाचणीही उगाच कमकुवत दिसते.

उपाय काय?

अशा घटकाला कोव्हेरिएट म्हणतात. हॉली जेन्स आणि मार्गारेट पेपे यांनी २००९ मध्ये त्यासाठी समायोजित आरओसी कर्व्हची पद्धत मांडली. रुग्ण बाईची तुलना निरोगी बायकांशीच करायची, साठीच्या रुग्णाची साठीच्या निरोगी माणसांशी. आपल्यासारख्या निरोगी लोकांच्या रांगेत रुग्ण कितव्या जागी उभा आहे, ते पाहायचं. या सगळ्या जागांवरून कर्व्ह तयार होतो.

हे हाताने करायची गरज नाही. स्टाटामध्ये 'रॉकरेग' ही कमांड आहे, आर वापरणाऱ्यांसाठी 'आरओसीएनरेग' हे पॅकेज. रॉकरेगमध्ये एक खोच आहे. वेगळं काही सांगितलं नाही, तर ती कोव्हेरिएटनुसार लोकांचे गट पाडते. लिंगासाठी ते ठीक. वय वर्षांमध्ये दिलं तर मात्र प्रत्येक वर्षाचा वेगळा गट होतो आणि काही गटांत दोन-तीनच निरोगी माणसं उरतात. तिथे गटांऐवजी लिनियर मॉडेल निवडावं लागतं.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. समायोजित कर्व्ह ही शेवटी सरासरी असते. चाचणी तरुणांत उत्तम आणि वृद्धांत वाईट असेल तर तो फरक तिच्यात दिसत नाही. त्यासाठी वयानुसार वेगवेगळे कर्व्ह काढायचे, आणि तो पर्यायही याच साधनांत आहे.

गोंदिया जिल्हा विदर्भातल्या सिकलसेल पट्ट्यात येतो. तिथे वयाचा असा परिणाम ठळकपणे दिसतो. सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी ही झटपट चाचणी वापरतात. तिचं उत्तर फक्त हो किंवा नाही, त्यामुळे कर्व्ह काढायचा प्रश्न नाही. पण सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि आजार असूनही चाचणी 'नाही' सांगू शकते. म्हणून इतक्या लहान बाळांसाठी या चाचणीवर विसंबत नाहीत, एचपीएलसीसारखी तपासणी करतात.