जुना बाजार व ध्वनिमुद्रिकांची यंत्रे

मराठी भाषेच्या इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, पोथ्या, बखरी आणि दप्तरे यांची नावे क्रमाने पुढे येतात. विसाव्या शतकापुरती या यादीत आणखी एका साधनाची भर घालावी लागते, ती लाखेच्या तबकडीची. लिखित साधनात उच्चार हा अनुमानाचा विषय असतो. तबकडीत तो प्रत्यक्ष ऐकू येतो. परंतु पोथी वाचण्यास डोळे पुरतात, तबकडीस यंत्र लागते. ग्रंथालयांनी तबकड्या थोड्याफार जमविल्या. त्या वाजविणारी यंत्रे मात्र बव्हंशी जुन्या बाजाराने सांभाळली. तेव्हा या बाजाराचा वृत्तान्त भाषाभ्यासकासही परका मानता येणार नाही.

ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग हा १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास होता. तेथे त्याने गौहरजान प्रभृती कलावंतांची मुद्रणे केली. ही मुद्रणे जर्मनीत हानोव्हर येथे जात व तेथून तयार तबकड्या परत येत. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे आणि १९२८ मध्ये डमडम येथे कारखाना निघाला. आरंभीच्या तबकड्यांवर गाणे संपताच कलावंत आपले नाव मोठ्याने सांगतो. दूरदेशीच्या कारागिराला कोणत्या तबकडीवर कोणती चिठ्ठी डकवावी हे कळावे, असा त्याचा हेतू सांगितला जातो. गौहरजान तर आपले नाव इंग्रजीत सांगे. संगीताच्या रसिकाला हे शेवटचे दोन-चार शब्द उपरे वाटतील. भाषाशास्त्रज्ञाला ते कित्येकदा गाण्याहून मोलाचे असतात. कारण गाताना स्वर लांबतात, व्यंजने बोथट होतात आणि आघात तालाच्या अधीन होतो. नाव सांगताना मात्र माणूस बोलतो.

मुंबईतही हा उद्योग रुजला. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ पासून ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या काढल्या. बालगंधर्वांची नाट्यपदे तर मराठी घरोघर तबकडीनेच नेली. आमच्या भाषेने या नव्या वस्तूला दिलेले नावही मोठे बोलके आहे. मूळ अरबी ‘तबक’ हा शब्द मराठीत विड्या-अत्तराबरोबर पूर्वीच आलेला होता. त्याला आपला ‘-डी’ प्रत्यय लावून ‘तबकडी’ सिद्ध झाली. पंजाबीत याच वस्तूला ‘तवा’ म्हणतात. फोनोच्या भोंग्यासाठी रणवाद्याचे ‘कर्णा’ हे नाव हाताशी होतेच. असो.

यंत्राचा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. विजेच्या साहाय्याने मुद्रण करण्याची पद्धत १९२५ मध्ये आली. त्यापूर्वीच्या तबकड्यांना आपण सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरच्या’ म्हणत असलो, तरी त्यांचा वेग मिनिटास ७८ फेऱ्यांचाच असेल अशी खात्री नसते. समजा, एक मुद्रण ७२ फेऱ्यांवर झाले आणि ते आपण ७८ वर वाजविले. प्रत्येक कंपनसंख्या एक-द्वादशांशाने, म्हणजे सुमारे ८ टक्क्यांनी वाढते. अर्धस्वराचे अंतर ६ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे गायिकेची पट्टी अर्ध्या स्वराहून अधिक चढली. एवढ्यावरच भागत नाही. स्वरांचे फॉर्मंटही त्याच प्रमाणात सरकतात. ‘आ’ या स्वराचा पहिला फॉर्मंट ७०० कंपनांचा असेल तर मापनात तो ७५८ दिसेल, आणि त्यावरून तत्कालीन ‘आ’ आजच्यापेक्षा अधिक विवृत होता, असा पोकळ सिद्धान्तही कोणी मांडील. हल्ली या तबकड्यांच्या ज्या संगणकीय प्रती फिरतात, त्यांतील फारच थोड्यांवर मूळ तबकडी कोणत्या वेगाने व कोणत्या सुईने वाजविली याची नोंद असते. अशा प्रतीवर स्वरमापन करणे म्हणजे नक्कलकाराचे नाव-गाव न विचारता पोथीचा पाठ प्रमाण मानणे होय.

सुईचेही तसेच आहे. १९४८ मध्ये दीर्घवादन तबकडी निघाली व तिची खोबण बरीच अरुंद झाली. लाखेच्या तबकडीस सुमारे तीन सहस्रांश इंच त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. दीर्घवादनाची सुई एक सहस्रांश किंवा त्याहून बारीक. ती जुन्या रुंद खोबणीच्या तळाशी घसरत राहते, आणि कानी पडतो तो मुख्यतः खरखराट. आज नव्याने विकत मिळणाऱ्या अनेक यंत्रांवर ७८ चा वेगच नसतो. म्हणून जुन्या यंत्रांकडे वळावे लागते.

ही यंत्रे बाजारात आली कशी? आपल्याकडे लाखेच्या तबकड्या इतर देशांच्या मानाने पुष्कळ उशिरापर्यंत, सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत निघत होत्या. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत घरोघरी कॅसेट आली. माळ्यावरचा फोनो प्रथम मुलांचे खेळणे झाला, मग भंगारवाल्याच्या तराजूत गेला. वाडे पडू लागले तसा हा ओघ वाढला.

मुंबईत या ओघाचे मुख्य मुक्कामस्थान म्हणजे भेंडीबाजारानजीकच्या मटन स्ट्रीटवरील चोरबाजार. हा मूळचा ‘शोर बाजार’. इंग्रजांना ‘श’ उच्चारता न आल्याने त्याचा ‘चोर’ झाला, अशी व्युत्पत्ती प्रवासी पुस्तकांतून हटकून वाचावयास मिळते. ज्यांच्या भाषेत शिप, शॉप आणि खुद्द शोअर हे शब्द नित्याचे, त्यांच्या जिभेला ‘श’ जड गेला, हे मानणे कठीण आहे. शिवाय दिल्लीतही चोरबाजार आहे. चोरीचा माल मिळण्याची वदंता हेच कारण साधे व पुरेसे दिसते.

येथील दुकाने शुक्रवारी बंद असतात; त्या दिवशी पहाटे रस्त्यावर वेगळा बाजार भरतो, आणि जाणते ग्राहक तोच गाठतात. दुकानांत दर्शनी मांडलेले, चकचकीत पितळी कर्ण्याचे व कुत्र्याच्या चित्राचे फोनो बहुधा अलीकडे जुळविलेले असतात. लाकडी पेटी नवी, कर्णा नवा, चित्राची पट्टी नवी. आतील मोटर व साउंडबॉक्स मात्र पुष्कळदा एखाद्या अस्सल पेटीफोनोतून काढलेला. परदेशांतील संग्राहक या भारतीय बनावटीला चांगलेच ओळखून आहेत. प्रवाशाची फसवणूक हा त्याच्या पैशाचा प्रश्न आहे. आपल्या दृष्टीने हानी निराळी. एच. एम. व्ही. चा १९३१ मध्ये निघालेला १०२ क्रमांकाचा पेटीफोनो दिसण्यात साधा, काळ्या बॅगेसारखा. दिवाणखान्यात शोभत नाही म्हणून तो स्वस्त, आणि स्वस्त म्हणूनच त्याची आतडी काढून शोभेचा फोनो सजतो. म्हणजे उपयोगाचे यंत्र मोडून निरुपयोगी यंत्र घडते, आणि हे अव्याहत चालू आहे.

अन्य शहरांतील स्थिती थोडक्यात सांगतो. पुण्यात मंगळवार पेठेतील जुना बाजार रविवारी व बुधवारी भरत आला आहे. तेथे पूर्ण यंत्र क्वचित, पण सुटे भाग नजरेस पडतात. कलकत्त्यात फ्री स्कूल स्ट्रीटवर जुन्या तबकड्यांची दुकाने व रसेल स्ट्रीटवर लिलावाची परंपरा आहे. मद्रासचे मूर मार्केट १९०० मध्ये उभे राहिले आणि ३० मे १९८५ च्या आगीत नष्ट झाले. जुन्या पुस्तकांबरोबर तबकड्यांचेही ते मोठे ठिकाण होते.

यंत्र घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. चावी पूर्ण द्यावी व तबकडी ठेवून एक बाजू अखेरपर्यंत वाजू द्यावी. मध्येच वेग मंदावला तर स्प्रिंग थकलेली किंवा तिचे ग्रीस गोठलेले असते. ग्रीस बदलता येते. चिरफाळलेला ओतीव धातूचा साउंडबॉक्स सहसा दुरुस्त होत नाही. पडद्याभोवतीचे रबर कडक झालेले असतेच, त्यासाठी किंमत पाडून मागावी. पोलादी सुई दर बाजूस बदलावयाची, हे विक्रेता सांगत नाही. अर्थात चावीच्या यंत्राचा भार तबकडीस झिजवितो, तेव्हा दुर्मिळ प्रत त्यावर लावू नये. तिच्यासाठी पन्नास-साठच्या दशकांतील ७८ चा वेग असलेले विजेचे यंत्र शोधावे. १९५४ च्या सुमाराचे गॅरार्ड ३०१ यात श्रेष्ठ, परंतु त्याची कीर्ती जगभर झाल्याने किंमत अध्यापकाच्या आवाक्याबाहेर गेली आहे. त्याच कंपनीची साधी चार वेगांची यंत्रे दुरुस्त करून उत्तम चालतात. सुई तेवढी रुंद टोकाची नवी बसवावी.

मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून तबकड्यांच्या सूची व माहिती प्रसिद्ध केली आहे. मुद्रणाचा काळ ठरविण्यास तबकडीच्या चिठ्ठीवरील व लाखेत कोरलेला क्रमांक उपयोगी पडतो. आपल्या विभागात जी संगणकीय प्रत येईल, तिच्यासोबत हा क्रमांक, वाजविण्याचा वेग, सुईचे माप व यंत्राचे नाव अशा चार नोंदी मागून घ्याव्यात. पहिली नोंद बहुधा मिळते. उरलेल्या तीन मिळाल्या नाहीत तर मूळ तबकडी व चालू यंत्र या दोहोंच्या शोधास लागावे, आणि शुक्रवारी पहाटे निघावे.